गंजाचा वैरी

मुलांनो, वाशिम जिल्ह्यात गंजाचा इतका कट्टर वैरी दुसरा जन्मला नसेल, आणि तो नेमका तुमच्या आजोबांचा धाकटा भाऊ निघाला. मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला वयनी. मालेगावच्या कडेला त्यांचा भाजीचा मळा आहे. इतरांच्या खिशात सुपारी किंवा तंबाखू असते, भाऊजींच्या खिशात लोखंड घासायच्या पॉलिश पेपरची घडी असते. कोणाच्याही घरी गेले की आधी फाटकावर टिचकी मारतात आणि डॉक्टर छाती तपासतात तसा कान लावतात. पोहरादेवीच्या यात्रेत सगळे दर्शनाच्या रांगेत पुढे सरकत होते आणि हे रांगेच्या लोखंडी पाइपाशी अडले. मागचे लोक ओरडायला लागले तेव्हा हलले, पण वीतभर पाइप चकचकीत करूनच. मंगरूळपीरला आम्ही त्यांच्या मुलासाठी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा मुलगी पोहे घेऊन बाहेर आली तर होणारे सासरे खिडकीच्या गजापाशी उकिडवे बसलेले. मुलीच्या वडिलांचा चेहरा उतरला. भाऊजी उठले, हात झटकले आणि म्हणाले, “पोरगी पसंत हाये. फक्त हा गज लग्नाच्या आंधी रंगवून घ्या.” सून सोन्यासारखी मिळाली. मात्र घरातला लोखंडी तवा ती अजूनही सासऱ्यांच्या नजरेआड ठेवते.

आजोबांची पांढरी गाडी तुम्हाला आठवत असेल. ते गेल्यावर ती दोन पावसाळे अंगणात उभी होती. मला गाडी चालवता येत नाही, आणि जिचा उपयोग नाही ती वस्तू घरात ठेवायची नाही, हा माझा जुना नियम. चाकांच्या वरच्या रंगाला फोड आले, दारांच्या खालच्या कडेचे तांबूस पोपडे सुटू लागले. मी भंगारवाल्याला निरोप धाडला. भाऊजींना ते कुठून कळले देव जाणे, पण भंगारवाल्याच्या आधी तेच दारात हजर.

“काहून इकता वयनी? दादाची गाडी हाये.”

“भाऊजी, गंज चढलाय तिला. उभ्या उभ्या मातीत जाईल.”

“चामडीचा रोग हाये तो, हाडाले नाई लागला अजून. मले दसऱ्यापर्यंत द्या. दसऱ्याले एक जरी डाग दिसला, तं भंगारवाल्याले मीच बलावून आणतो.”

मुदत ठरली म्हणून मी कबूल झाले. खरे सांगते, गाडी दोराने ओढत मळ्याकडे निघाली तेव्हा मी आत जाऊन बसले. भंगारवाला घेऊन गेला असता तर काय वाटले असते, ते तेव्हा पहिल्यांदा समजले.

पुढचे दोन महिने भाऊजींचे वांग्याकडे कमी आणि गाडीकडे जास्त लक्ष होते. जिथे फोड तिथे खाली चकाकणारा पत्रा दिसेपर्यंत घासायचे, मग प्रायमर, तो वाळला की पुन्हा हलके घासायचे, मग रंग, आणि शेवटी वरून मेणाचा हात. त्यांची बायको म्हणाली, “माह्या पायाच्या भेगांकडं एवढं पाह्यलं असतं तं!” भाऊजींनी तिच्याही पायाला उरलेले मेण आणून दिले.

नवमीला मळ्यातल्या अवजारांची पूजा असते. विळे, वखराची पास, कुदळी धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून मांडतात. त्याच ओळीत भाऊजींनी गाडी उभी केली आणि तीही खंगाळून धुतली. दसऱ्याच्या सकाळी पाहतात तर पुढच्या चाकांच्या आत, ब्रेकच्या चकत्यांवर, लालसर थर! मी यायला अर्धा तास होता. भाऊजींनी आयुष्यभर जे केले तेच केले. जवसाच्या तेलात चिंधी बुडवली आणि दोन्ही चकत्या न्हाऊ घातल्या.

गाडीचा एकेक भाग तपासायचा म्हणून मी मळ्याच्या फाटकाशी यादी घेऊन उभी होते. गाडी आली, छान दिसत होती. भाऊजी हात हलवत होते. मग हात हलायचा थांबला आणि गाडी मात्र थांबली नाही. “वयनी, बाजूले व्हाऽऽ!” माझ्यासमोरून ती संथपणे, एखाद्या वरातीसारखी गेली आणि कोथिंबिरीचे दोन वाफे ओलांडून, हँडब्रेक ओढल्यावर, मेथीत टेकली. भाऊजी उतरले, आधी बंपर पाहिला, मग कोथिंबीर. “चटणीले कामी येईन,” म्हणाले.

गॅरेजचा मिस्त्री आला आणि त्याने चकतीवरून बोट फिरवले. “काका, तेल टाकलं का तुमी याच्यावर?”

“विळ्याले लावतो, कुदळीले लावतो. मंग चकतीनं काय पाप केलं?”

“अहो, जे थांबवते तेच गुळगुळीत करून ठेवलं! तो लाल थर चार-पाच वेळा ब्रेक दाबला की आपोआप जाते. कायलेच हात लावा लागत नव्हता.”

तेल प्यायलेले ब्रेकचे पॅड बदलावे लागले. भाऊजी बांधावर बसून राहिले. पैज हरल्यासारखे माझ्याकडे बघेनात. मी यादी घेऊन गाडीभोवती फिरले. छप्पर ठीक, चाकांवरचे भाग ठीक, दारे ठीक. फक्त चालकाच्या दाराच्या मुठीखाली बोटभर तांबूस ओरखडा.

“भाऊजी, इथे एक डाग राहिला.”

“राह्यला नाई वयनी. ठेवला.” ते मातीकडे पाहत बोलले. “दार उघडताना दादाची अंगठी लागे तिथं. पेपर नेला म्या दोनदा. हात नाई चालला. तुमाले बलवाचं असंन भंगारवाल्याले, तं बलवा.”

मी यादीवर त्या ओळीपुढेही ‘ठीक’ लिहिले.

आता भाऊजी रोज सकाळी गाडी घेऊन माझ्याकडे येतात. चकत्या घासल्या गेल्या पाहिजेत, असे कारण सांगतात. माझ्या दारात येईस्तोवर ब्रेक चार-पाच नव्हे, चांगला पंधरा वेळा दाबतात. चहा घेतात, फाटकावर टिचकी मारतात आणि जातात. रविवारी मात्र त्यांना थोडे थांबावे लागते. मुठीखालच्या त्या ओरखड्यावर मेणाचा पातळ हात देते मी, गंज पसरू नये म्हणून. ते काम मी कोणाला करू देत नाही.