दोन बोटं काठ, तीन बोटं काठ

सासूबाई डोंबिवलीला आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या तेव्हा आमच्या दोघींत भांडण नव्हतं, पण बोलायला विषयही नव्हता. सासरे गेल्यावर ठाण्यातलं घर बंद करून त्या आलेल्या. एका सरकारी कचेरीत त्या ट्रेसर होत्या. म्हणजे इंजिनिअरने काढलेला इमारतीचा नकाशा पारदर्शक कागदावर शाईने जसाच्या तसा उतरवायचा. आयुष्यभर हेच केल्यामुळे नजर अशी झालेली की भिंतीवरचं कॅलेंडर जरा तिरकं असलं तरी त्यांना जेवण जात नसे.

मी कल्याणला एका शाळेच्या ऑफिसात काम करते. नवरा महिन्यातले बरेच दिवस फिरतीवर असतो. संध्याकाळी सात वाजता मी टीव्ही लावायचे आणि आई, म्हणजे सासूबाई, शेजारी बसून भाजी निवडायच्या. बघत नाहीत असं दाखवत बघायच्या.

मी तेव्हा ज्या मालिकेच्या नादाला लागले होते ती भयाण होती, आणि तरीही प्रेमकथाच होती. टेकडीवर एक बंगला. तिथला मालक उंच, गप्प, दिवसा कधी बाहेर न पडणारा. त्याची बायको विहिरीत पडून गेलेली. त्याच्या आंधळ्या आत्याची सेवा करायला शहरातून एक नर्स येते, आणि तिचा चेहरा हुबेहूब त्या मेलेल्या बायकोसारखा. माडीवरची एक खोली कायम कुलपात. खोलीत कोणीतरी घड्याळाला चावी देतंय असा आवाज. नर्स त्याच्या प्रेमात पडणार हे पहिल्या आठवड्यातच कळलेलं. मला तेवढं पुरे होतं.

एक दिवस आई मेथीची जुडी हातात धरून म्हणाल्या, "जिना चुकलाय."

"कुठला जिना?"

"त्यांचा. ती डावीकडून वर गेली आणि माडीवर उजवीकडून आली. शिवाय बाहेरून बघावं तर माडीला पाच खिडक्या आहेत. आत खोल्या चारच. पाचवी खिडकी कुणाची?"

"आई, तीच कुलपातली खोली असेल."

"ती धरून चार."

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर जेवणाच्या टेबलावर बंगल्याचा नकाशा. पट्टीने आखलेला, जिन्याच्या पायऱ्या मोजलेल्या, विहीर कुठे, फाटक कुठे. त्यानंतर आमच्याकडे विषय होता.

त्या चुका शोधायच्या आणि मी बाजू घ्यायचे. इतके महिने झाले, हा माणूस एकदाही जेवताना का दिसला नाही? तो जिवंत आहे की नाही? मी म्हणायचे, विरहात भूक लागत नाही. त्या म्हणायच्या, मला बारा दिवसांत लागली होती. हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की मी हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे बघत राहिले. सासरे गेल्यानंतरचं एवढंसं बोलणंही मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते.

मालिकेच्या चाहत्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. मी त्यात होतेच. आई सांगायच्या आणि मी 'आमच्या आई विचारतात' म्हणून माझ्या नावाने टाइप करायचे. खिडकीचा प्रश्न टाकला तेव्हा पन्नास जणांनी हसणारे चेहरे पाठवले. कुणी लिहिलं, "काकू, डोकं बाजूला ठेवून बघा." आई म्हणाल्या, "लिही, डोकं काढून ठेवायला जागा नाही, घर लहान आहे."

मग साडीचा भाग आला. मालक काही न बोलता नर्सच्या पलंगावर एक जांभळी नारायणपेठ साडी ठेवून जातो. ती नेसते, आणि तो दारात उभा राहून बघत राहतो. तशीच साडी आधी एकदा त्याच्या मेलेल्या बायकोच्या अंगावर दाखवलेली. ग्रुपवर वादळ उठलं. अर्धे म्हणाले, किती सुंदर, त्याने तिला बायकोची जागा दिली. मीही त्यांतलीच.

आईंना ते अजिबात आवडलं नाही. "त्याचं तिच्यावर प्रेम नाही. एक नकाशा खराब झाला म्हणून तो दुसऱ्या कागदावर उतरवून घेतोय. त्या कागदाला कोण विचारतं?"

मी ते शब्द तसेच टाकले. त्यावर झेंडूच्या फुलाचा फोटो लावलेल्या एका बाईचं उत्तर आलं. ही बाई नेहमी मालकाची बाजू घ्यायची. तिने लिहिलेलं, "ती साडी बायकोची नाहीच. बायकोच्या साडीचा काठ दोन बोटं होता. हिच्या साडीचा तीन बोटं आहे. त्याने हिच्यासाठी नवीन घेतली. तिला तीच बनवायची असती तर पेटीतली जुनी दिली असती ना?"

आई चष्मा सावरून उठल्या. आम्ही दोन्ही भाग पुन्हा लावले, चित्र थांबवलं, आणि त्यांनी टीव्हीला पट्टी लावली. साडी कॅमेऱ्याच्या जवळ असेल तर मोठी दिसणार, म्हणून त्यांनी काठ बांगडीशी ताडून पाहिला. दोन्ही प्रसंगांत हातात त्याच बांगड्या होत्या. दहा मिनिटांनी त्या म्हणाल्या, "बाई बरोबर आहे. काठ वेगळा आहे."

"म्हणजे प्रेम आहे!"

"म्हणजे चूक आहे. यांना जिना सांभाळता येत नाही, साडी कुठून सांभाळणार?"

त्यांनी एक यादीच केली. नऊ चुका, क्रमांक घालून. चौथी साडीच्या काठाची. ती यादी वाहिनीला पाठव म्हणाल्या आणि मी शनिवारी दुपारी मेल करून टाकली. पण त्यांच्या डोक्यातून झेंडूवाली जाईना. बायको त्या साडीत पडद्यावर डोळ्याचं पातं लवेपर्यंत दिसलेली. मापं घेतल्याशिवाय त्यांनाही कळलं नव्हतं. मग हिला कसं कळलं?

"विचार तिला, आपण कोण?"

मी विचारलं. दोन दिवस उत्तर नाही. मग आलं: "भेटूया का? इथे लिहिता येणार नाही."

रविवारी सकाळी आम्ही ठाण्याला गेलो. टेंभी नाक्याजवळ आईंच्या ओळखीचं एक साधं हॉटेल होतं, तिथे बसलो. ती आली. पस्तिशीची, सडपातळ, खांद्याला मोठी कापडी पिशवी. दिवा स्टेशनजवळ राहते म्हणाली. पाणी भरून निघायला उशीर झाला म्हणून माफी मागितली. आईंना तिने वाकून नमस्कार केला आणि बसल्या बसल्या म्हणाली, "काकी, तुम्हीच त्या खिडकीवाल्या? मला वाटलेलं कोणी वकील असणार."

"आणि तू? तुला काठ कसा दिसला?"

तिने चहाचा कप बशीत फिरवला. "मी तिथेच कामाला आहे. सेटवर, कपड्यांच्या खात्यात. साड्या सांभाळायच्या, पिना लावायच्या, इस्त्री करायची. ती जांभळी साडी माझ्या हातून जळाली."

आईंनी कप खाली ठेवला.

"घाईत होती मी. इस्त्री तापलेली आणि कोणीतरी हाक मारली. पदरावरच भोक. दुसऱ्या दिवशी साडीचा सीन. सांगितलं असतं तर तिथल्या तिथे घरी बसवलं असतं. बाजारात धावली, रंग तोच मिळाला, पण काठ नाही मिळाला. म्हटलं, कोण बघतंय? आणि मग ग्रुपवर तुमचं ते खिडक्या मोजणं वाचलं आणि कळलं, ह्या काकी काठ पकडणार. म्हणून कोणी विचारायच्या आत मीच उत्तर देऊन ठेवलं."

"म्हणजे त्याने नवीन घेतली, प्रेमाने घेतली, हे सगळं..." मी म्हटलं.

"मी बनवलं. पुढची गोष्ट आम्हाला कुठे सांगतात? उद्या कोणती साडी काढायची तेवढं सांगतात. पण ताई, लिहिताना मला ते खरंच पटत गेलं. जुनी देणाऱ्यापेक्षा नवीन आणणारा बरा, नाही का?"

आईंचा चेहरा उतरला होता. मला कारण माहीत होतं. यादी जाऊन आठ दिवस झालेले, आणि चौथा मुद्दा कोणाच्या टेबलावर असेल ते देवालाच ठाऊक. आईंनी ते लपवलं नाही. "मी लेखी तक्रार केली आहे," त्या म्हणाल्या. "काठाची. मापासकट."

ती बाई रडली नाही, रागावलीही नाही. पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत म्हणाली, "मग बघू. तुम्हाला काय माहीत होतं?"

 घरी आल्यावर आईंनी पाय धुतले आणि त्या कागद घेऊन बसल्या. दोन पानं फाडली. संध्याकाळची मालिका सुरू झाली तरी मान वर केली नाही. शेवटी एक पत्र माझ्यासमोर ठेवलं.

"माझ्या पूर्वीच्या पत्रातील मुद्दा क्रमांक चार मी मागे घेत आहे," त्यात लिहिलं होतं. "साडीचा काठ वेगळा आहे ही चूक नसून या मालिकेतील सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. हा मनुष्य नव्या मुलीला जुनी साडी देत नाही. तो तिच्यासाठी वेगळी शोधतो, आणि रंग मात्र सोडू शकत नाही. जो माणूस रंग सोडू शकत नाही पण काठ बदलतो, तो प्रयत्न करत आहे. हे ज्याला सुचलं त्याचं कौतुक करावं. बाकीचे आठ मुद्दे कायम आहेत."

मी ते दोनदा वाचलं. ज्या बाईने टीव्हीला पट्टी लावली होती तिनेच हे लिहिलेलं. "आई, हे खोटं आहे," मी म्हटलं.

"हो. पाठव."

उत्तर आलं नाही. झेंडूवालीचा रोज एक मेसेज यायचा: "अजून काही नाही." तिसऱ्या आठवड्यात, एका साध्या मंगळवारी, नर्स मालकाला चिडून विचारते, "तिची साडी मला का दिलीत?" तो म्हणतो, "ती तिची नाही. काठ बघ."

आईंच्या हातातली वाटी कलंडली आणि सोललेले वाटाणे जमिनीवर गेले. मी उचलायला वाकले तर त्या म्हणाल्या, "राहू दे, राहू दे, आधी ऐक." त्यांचे डोळे भरले होते.

फोन वाजला. झेंडूवाली हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. "काकी, परवा शूटिंगच्या सकाळी कागदावर हे वाक्य आलं, मुद्दाम सांगितलं नाही. कोणी मला काही विचारलंच नाही! उलट म्हणाले, काठ वेगळा ठेवलास ते बरं केलंस."

ते वाक्य लेखकाने आईंच्या पत्रावरून घेतलं, की ग्रुपवरच्या झेंडूच्या ओळीवरून, की त्याचं त्याला सुचलं, हे आम्हाला आजवर कळलेलं नाही. मी आईंना एकदा विचारलं, पत्रातलं तुम्हाला खरंच पटलं होतं का? त्या म्हणाल्या, "लिहिताना नाही. मालकाने म्हटल्यावर पटलं. असं होतं का गं कुणाचं?" त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. 

पुढे प्रेक्षक कमी झाले म्हणून मालिका घाईघाईने गुंडाळली. पाचव्या खिडकीचं नावही कुणी काढलं नाही. शेवटच्या भागाच्या दिवशी झेंडूवालीला सुट्टी होती, म्हणून आईंनी तिला जेवायला बोलावलं. शेवट काय आहे ते तिला ठाऊक होतं, कारण शेवटचे कपडे तिनेच चढवले होते. ती सांगायला तयार नव्हती, आणि न सांगण्याची मजा घेत होती.

"रडू येईल का, एवढंच सांग," आई म्हणाल्या.

"काकी, पदर जवळ ठेवा."

नर्स बॅग घेऊन बंगल्यातून निघते. मालक फाटकापर्यंत धावत येतो आणि तिथेच थांबतो. फाटक उघडं असतं. ती वळून बघते, तो हात पुढे करतो, पण बाहेर पाऊल टाकत नाही. संपलं.

"मेलेला आहे," आई लगेच म्हणाल्या. "म्हणून ओलांडता येत नाही. मी पहिल्यापासून सांगतेय, जेवला नाही कधी."

"जिवंत आहे," मी म्हटलं. "त्याने तिला जाऊ दिलं. तेच तर प्रेम."

दोघींनी झेंडूवालीकडे पाहिलं. ती पोळीला तूप लावत होती.

"मला काय विचारता? त्याला सांगितलेलं, फाटकाला हात लावू नको. प्लायवुडचं होतं, सकाळी एकदा पडलेलं."

आई हसायला लागल्या. मग हसणं थांबवून, पाणी पिऊन, गंभीरपणे म्हणाल्या, "ते ठीक आहे. पण तो जिवंत होता का?"

झेंडूवालीने तुपाचा चमचा खाली ठेवला आणि विचार करायला लागली.