बाटलीतलं पाणी, विहिरीतलं पाणी

पार्वताबाईंच्या वाफ्यातली वांग्याची रोपं माना टाकून पडली होती. मी मातीत बोटं घालून जेल शोधत होतो. मुळांशी वाटाण्याएवढे मऊ गोळे लागायला हवे होते. लागत होते साबुदाण्याहून बारीक कण.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मुधोळ भागात मी शेतीखात्यात फील्ड असिस्टंट होतो. एका कंपनीने ट्रायलसाठी पांढरी पावडर दिली होती, हायड्रोजेल. एक प्रकारचं प्लास्टिकच, पण पाणी पिणारं. त्याच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. पाणी मिळालं की साखळ्यांवरचे सारखे विद्युतभार एकमेकांना ढकलतात, जाळं ताणलं जातं आणि पाणी आत शिरून बसतं. कंपनीच्या माणसाने गावात ग्लासभर पाण्यात पावडर टाकली आणि थोड्या वेळाने ग्लास उलटा धरला. थेंब पडला नाही. पाणी त्याने स्वतःच्या बाटलीतलं घेतलं होतं. आमचं पाणी त्याला पचत नसेल, असं मला वाटलं.

पार्वताबाई नाल्यापलीकडच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणत. मी त्यांना सांगितलं, पावडर मुळांशी घाला, पाणी दिवसाआड नको, आठवड्याने द्या. खेप वाचावी म्हणून मिश्रखतही त्याच घागरीत कालवायला सांगितलं.

रोपं गेल्याचं कळवलं, तेव्हा ऑफिसात साहेबांनी फाइल पुढे सरकवली. “शेतकऱ्याने सूचना पाळल्या नाहीत, असं लिहा आणि दस्तखत करा. पावडरची उरलेली पोती उटनूरच्या शेतकऱ्यांकडे जायची आहेत.”

“सूचना माझ्या होत्या, साहेब. बाईंनी अक्षरशः पाळल्या.”

“मग तुम्ही प्रोबेशनवर आहात, हेही अक्षरशः लक्षात ठेवा.”

कॉलेजात मी पत्रकं वाटली होती, चुकीचं खापर कष्टकऱ्याच्या डोक्यावर फोडू नका म्हणून. आता खापर माझ्या हातात होतं. खूप दमलो होतो. सही करून सुटावं, असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी पार्वताबाईंच्या अंगणात तीन ग्लास मांडले. एकात जीपच्या बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी, दुसऱ्यात त्यांच्या विहिरीचं, तिसऱ्यात तेच पाणी खत कालवून. पावडर सारखीच. पहिला ग्लास जेलने काठोकाठ भरला. दुसरा अर्ध्यावर थांबला. तिसऱ्यात तळाशी नुसता साका. पाण्यात क्षार असले की साखळ्यांमधली ढकलाढकल मंदावते, जाळं उघडत नाही. विहीर मचूळ होतीच, वर खताचे क्षार मी घालायला लावले. शिवाय वरून मातीचं ओझं, तेही जेलला फुगू देत नाही. ग्लासात ते नसतं.

पार्वताबाईंनी तिन्ही ग्लास निरखले. “मंग मी काय चुकली, बापू? सारा गाव म्हणून राह्यला, पार्वतानं सरकारी औषध वाया घातलं.”

“तुम्ही नाही, मावशी. मी चुकलो.”

“तं मंग हे चावडीपाशी सांगा. इथं कोण आयकून राह्यलं?”

ग्लास घेऊन चावडीवर गेलो. सांगितलं. रिपोर्टातही तेच लिहिलं. उटनूरची पोती थांबली. माझं प्रोबेशन लांबलं. रोपं काही परत उभी राहिली नाहीत.

पुढच्या हंगामात मी नवीन औषधाची पुडी घेऊन गेलो. पार्वताबाई आत गेल्या आणि विहिरीच्या पाण्याने भरलेला ग्लास माझ्यापुढे आणून ठेवला.

तेव्हापासून कुठलीही ट्रायल असो, पाणी मी तिथलंच मागतो.