कानामागचा थेंब

"दुखलं तर बोलायचं हं. इथं सोसायचं नाही." एवढं बजावून बाई दोऱ्याचं टोक स्वतःच्या गळ्यात अडकवायच्या आणि समोरचीच्या भुवईवर वाकायच्या. दोरा दातांत धरला की काम सोपं होतं, पण तोंडातली वस्तू गिऱ्हाइकाच्या कातडीला लावायची नाही, हा त्यांचा नेम. गिऱ्हाइकं तरी कसली! दुखतं का असं जन्मात कुणी विचारलेलं नसायचं. डोळ्यांतून घळाघळा पाणी काढत म्हणायच्या, "न्हाई दुखत." की बाई थांबायच्याच.

नगरला दिल्लीगेटच्या आत त्यांची पार्लरची खोली आणि माझा शिवणक्लास यांत एक भिंत होती. सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. पार्लर हा शब्दच गावात नवा होता. भिंगारहून लष्करी साहेबांच्या बायका टांग्यातून राजरोस यायच्या. गावातल्या मात्र शिवण शिकायला जाते म्हणून घरी सांगायच्या आणि माझ्या दारातून शिरून तिकडे पसार व्हायच्या. माझ्या क्लासचा बोलबाला झाला तो असा.

पुढं दुष्काळ पडला. नळावर हंड्यांची रांग, आणि बाई दर गिऱ्हाइकामागं साबणानं हात धुणार, चिमटे स्टोव्हवर उकळणार. "प्यायाला पानी न्हाई आन् हिला हात धुवायला पायजे!" असं शेजारणी त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलायच्या. बाई स्वतःच्या आंघोळीतलं पाणी वाचवत, पण हात धुवायचं सोडत नसत. मला कधीकधी त्यांचा रागच यायचा.

चेहरा उजळायचं ब्लीच लावायचं तर त्या आदल्या दिवशी कानामागं एक थेंब लावून बघायच्या. "आता घरी जा. उद्यापर्यंत लाल झालं नाही, तर लावू."

"उद्या? आवो, आज सांजच्याला हळद हाय माझी!" कर्जतहून एसटीनं आलेली पोरगी कळवळायची.

"मग नुसती पावडर लावून देते."

अशानं धंदा कसा चालायचा? चालत नव्हताच. मी एकदा म्हटलंही, "अहो, लावून टाका की. पोरी खूश होतात."

"चेहरा तिचा आहे. मला तो परत करता येणार नाही," त्या म्हणाल्या.

नवऱ्यानं टाकलेल्या होत्या. पारनेरजवळ सख्खा भाऊ होता, पण बहीण परक्या बायकांची तोंडं रंगवते याची त्याला लाज वाटायची. त्यानं येणं-जाणं तोडलं होतं. भाऊबीजेला बाई दुपारीच पार्लर बंद करून, ताट तयार ठेवून दारात बसायच्या. मला ते बघवत नसे. अशी वाट बघणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याशी काय बोलावं ते सुचत नाही.

आणि एक दिवस भाऊ चक्क दारात उभा. मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलगी सावळी, वरपक्ष कुरकुरत होता. बहिणीनं पोरीला उजळून द्यावं, एवढंच त्याचं मागणं होतं. बाई त्या दिवशी भिंतीपलीकडे गुणगुणत होत्या. पेटी भरताना मला म्हणाल्या, "आता दिवाळीला तो येईल बघा."

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळीच त्या परतल्या. मी चहा केला. कप हातात धरून त्यांनी तुटक तुटक सांगितलं. भाचीच्या कानामागं थेंब लावला होता. तासाभरात तिथं लाल होऊन फोड आले. बाईंनी ब्लीच लावायला नकार दिला. भावजय सगळ्या पाहुण्यांसमोर ओरडली, "सोताचं मोडलं, आता माझ्या पोरीचं मोडाया आली!" भाऊ एवढंच म्हणाला, "बाटली हितं ठेव आन् पहिल्या गाडीनं जा." बाटली त्यांनी ठेवली नाही, मोरीत ओतली.

"बरोबर केलंत," मी म्हटलं.

"बरोबरच केलं," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या.

दिवाळी आली, गेली. पुढं त्यांनी खोली सोडली. "इथं आता कुणासाठी राहायचं?" म्हणाल्या. पुण्याकडे गेल्या एवढंच मला ठाऊक. पत्ता त्यांनी दिला नाही, कारण त्यांनाच तो माहीत नव्हता.

त्यांच्या खोलीत स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान आलं. त्यानंतर एका दुपारी एक सावळी, तरतरीत मुलगी कडेवर लेकरू घेऊन माझ्या दारात आली. "आत्या कुटं ऱ्हाती वो माझी?"

मी सांगितलं. तिनं लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं.

"आयनं गावातनं दुसरं कायतरी आनलं हुतं तोंडाला लावाया," ती म्हणाली. "मी लावूनच घेतलं न्हाई. आत्या न्हाई म्हनली म्हंजे न्हाई. तशीच हुबी ऱ्हायले बोहल्यावर. ह्यांनी कायबी म्हनलं न्हाई. आत्याला कळलं आसंल का वो हे?"

"नाही गं," मी म्हटलं.

चहा नको म्हणाली. लेकराला मांडीवर घेऊन ती स्टोव्हवाल्याच्या पायरीवर बसून राहिली. शेवटी आतून त्यानं विचारलं, "काय पायजे, ताई?" तेव्हा ती पदर सावरून उठली आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागली.