हात दिसले पाहिजेत

तेजस्विनी काळेला जन्मापासून ऐकू येत नाही. हे मी पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण आमच्याकडचे लोक ते सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून सांगतात. जणू तिच्या कानावर गेलं तर तिला वाईट वाटेल.

घोडेगावात पंचायत समितीच्या मागच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत ती ब्लाउज शिवायची. वय सत्तावीस. दाराला एक दोरी बांधलेली. गिऱ्हाइकानं दोरी ओढली की मशीनसमोर लाल चिंधी हलायची आणि ती मान वर करायची. मापं वहीत लिहायची. बाईनं "जरा सैल ठेव" असं तोंडानं म्हटलं तरी तिला ओठांवरून समजायचं. पण तिची खरी भाषा हातांची. कर्णबधिरांच्या शाळेच्या वसतिगृहात ती सात वर्षं राहिली, तिथं सांकेतिक भाषा शिकली. पक्की भाषा, व्याकरण असलेली. घरात ती कुणालाच येत नव्हती. आई साळुबाईला जेवण, पाणी, ये, जा, देव, दुखतंय एवढ्या खुणा यायच्या, शेजारी राहणाऱ्या मला त्याहून दहावीस जास्त. माणसांना ती खुणेची नावं ठेवते. माझं नाव असं : जिभेला बोट लावायचं आणि तोंडापुढं हातानं वारा घालायचा. मिरची. मी कधी हरकत घेतली नाही.

तिला शिकवायचं होतं. सातारा बाजूच्या एका निवासी शाळेत कर्णबधिर मुलांना शिवणकाम शिकवायची जागा निघाली होती. मागच्या वर्षी ती मुलाखतीला गेली. सोबत मी आणि साळुबाई. समोर तिघं बसलेले, आणि तिचे हात वाचून बोलून दाखवणारा दुभाषी नाहीच. साहेबांनी तेजस्विनीकडं बघून हसून मान डोलावली आणि प्रश्न विचारले साळुबाईला. मुलगी चिडकी आहे का, एकटी राहील का, मशीनला घाबरत नाही ना? साळुबाई बिचारी घाम पुसत उत्तरं देत बसली. तेजस्विनीचे हात मांडीवरून उठलेसुद्धा नाहीत. मी तिथं जे बोलले ते इथं छापता येणार नाही. येताना एसटीत तेजस्विनीनं वही काढून मला लिहून दाखवलं : "मुलाखत आईची झाली. आई नापास."

मग मी बसले अर्ज लिहीत. माझं शिक्षण सातवी, पण अर्जाला मला वकील लागत नाही. कायदे मी लोकांच्या रद्दीतून वाचून शिकलेय. चौथ्या पत्राला उत्तर आलं. यंदा दुभाषी देऊ, मात्र मुलाखत ऑनलाइन होईल. सोमवारी अकरा वाजता, पंधरा मिनिटं. कॅमेरा स्थिर हवा, उमेदवार कमरेपासून वर दिसला पाहिजे. आणि खाली बारीक अक्षरात : उमेदवाराच्या बाजूनं तांत्रिक अडचण आल्यास मुलाखत पुन्हा घेतली जाणार नाही.

मोबाईलवर जमणार नव्हतं. तिला बोलायला दोन्ही हात लागतात, मोबाईल धरणार कोण? तांब्याला टेकवून बघितला, तर दोनदा घसरून पालथा पडला. शिवाय त्या चिमुकल्या पडद्यावर समोरच्याची बोटं वाचायची म्हणजे डोळ्यांना शिक्षा. घरात एक जुना कॉम्प्युटर होता. तेजस्विनी अस्तर आणि दोरे ज्यांच्याकडून घ्यायची, त्या पुनमचंद शेठच्या दुकानातला. शेठचा मुलगा पीयूष, त्यानं दुकानात नवा घेतला तेव्हा जुना हिला दिला, डिझाइनं बघायला. त्याला कॅमेरा नव्हता. म्हणून रविवारी दुपारी पीयूष वेबकॅम घेऊन आला.

"लंकाताई, काळजीच सोडा. वायर खुपसली की चालू."

खुपसली. काहीच चालू झालं नाही. पडद्यावर आलं की कॅमेरा सापडत नाही.

"सापडत नाही म्हणजे? डोक्यावर तर बसलाय त्याच्या! पीयूष, फसवलंय तुला दुकानदारानं. चल, बिल काढ, मी येते तुझ्यासोबत."

"ताई, दम धरा जरा. पुढच्या सॉकेटा ढिल्या झाल्यात. पाच वर्षं पेनड्राइव्ह खुपसलेत आम्ही त्यात." त्यानं वायर कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागच्या बाजूला लावली. कॅमेऱ्यावरचा निळा दिवा लागला. पडदा मात्र काळा ठिक्कर.

पीयूषनं सेटिंग उघडली. कुठल्या ॲपला कॅमेरा वापरू द्यायचा त्याची परवानगी तिथं असते, ती बंद होती. ती चालू केली. तरी काळोखच. मग त्याच्या ध्यानात आलं, मघाशी तपासायला उघडलेलं कॅमेऱ्याचं दुसरं ॲप मागं तसंच चालू होतं. एकानं कॅमेरा धरून ठेवला की दुसऱ्याला मिळत नाही. पंचायतीतल्या झेरॉक्स मशीनसारखं. ते बंद केलं आणि तेजस्विनीचा चेहरा पडद्यावर उमटला.

"आगं बया," साळुबाई तोंडावर हात ठेवून म्हणाली, "टीव्हीतल्या बाईवानी दिसतीया की!"

पीयूषनं स्वतःच्या मोबाईलवरून इंटरनेट जोडलं आणि त्याची बायको सिद्धी दुकानातून कॉलवर आली. दिसतंय का? दिसतंय. आवाज येतोय का? येतोय. झालं काम! आम्ही सगळे तोंडानं बोलणारे. आवाज तपासला, चेहरा तपासला. हात कुणी तपासले नाहीत. तेजस्विनीनं दोनदा माझी बाही ओढली. मी तिला म्हटलं, थांब गं, झालंय सगळं. ही चूक माझ्या नावावर लिहा.

सोमवारी दहाला गेले, तर मधल्या खोलीचं देवघर झालेलं. साळुबाईनं खिडकी बंद करून तिच्यावर जांभळी जरीची साडी ताणून बसवली होती. साडीभोवती गौरीच्या पेटीतली लाइटची माळ. लुकलुक चालू. त्या सजावटीपुढं खुर्ची, आणि खुर्चीसमोर टेबलावर कॉम्प्युटर.

"साहेब लोकं बघणार," साळुबाई म्हणाली. "पोपडे निघालेली भिंत दावू व्हय त्यास्नी? आन् खिडकी उघडी ठेवली की शेजारणी येऊन उभ्या ऱ्हात्यात."

"मावशी, गौर बसवलीय का पोरगी?" पीयूष हसला.

"तुला काय करायचंय रे? मागच्या बारीला लई साधी गेली, म्हून न्हाई घेतली."

माळ उठून दिसावी म्हणून तिनं ट्यूबसुद्धा बंद केली होती. आणि खरं सांगते, मलाही ते छान वाटलं.

अकरा वाजले. पडद्यावर तीन चौकोन उघडले. एका चौकोनात मागच्याच वर्षीचे साहेब, एकात शाळेच्या मुख्याध्यापक बाई, एकात दुभाषी. दुभाषीनं हातांनी आणि तोंडानं, दोन्हीनं नाव सांगितलं : हर्षाली. तेजस्विनीचा चेहरा असा खुललेला मी पूर्वी कधी बघितला नव्हता. कुणीतरी तिच्या भाषेत तिला नमस्कार केला होता.

पहिला प्रश्न आला, तुमच्याबद्दल सांगा. तेजस्विनीचे हात सुटले. वर्षभर साठवलेलं होतं सगळं.

हर्षालीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "माफ करा. मला हात वाचता येत नाहीयेत. हात हलले की नुसता धूर दिसतोय."

तेजस्विनीनं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच.

"रेंज!" मी ओरडले. "पीयूष, तुझ्या मोबाईलची रेंज मेली. कंपनीला फोन लाव, मी बोलते त्यांच्याशी."

"ताई, रेंज फुल आहे. आवाज बघा ना कसा स्वच्छ येतोय."

"मग कॅमेरा भंगार दिलास!"

"काल चांगला होता ओ!"

आमचं हे भांडण साताऱ्यापर्यंत स्वच्छ ऐकू जात होतं. साहेबांनी घड्याळ बघितलं. "तांत्रिक अडचण दिसते. चार मिनिटं गेली. असं करू, शेजारी आई आहेत ना? त्यांनीच सांगितलं तरी चालेल आम्हाला."

साळुबाई पदर सावरून पुढं सरकली. वर्षभराची पत्रं, आणि फिरून गाडी तिथंच. तेजस्विनीनं साहेबांचे ओठ वाचले, मग आईकडं बघितलं. आणि एक हात आडवा करून तिनं आईला थांबवलं.

मग ती पडद्याच्या कोपऱ्यातलं स्वतःचं छोटं चित्र बघू लागली. हात सावकाश हलवला. बोटं दिसली. भरभर हलवला. धूर. तिनं मागं वळून माळेकडं बघितलं. माळ लुकलुकली की चित्र एकदा भक्क उजळायचं, एकदा काळवंडायचं; भरभर हलणारा हात टिपायला उजेडच पुरत नव्हता. ती उठली. माळ ओढली, साडी ओढली, खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली. मे महिन्यातलं अकराचं ऊन खोलीत घुसलं.

तरी हर्षाली म्हणाली, "आता तर त्या पूर्ण काळ्या दिसतायत. सावलीसारख्या."

पण तेजस्विनी थांबलेलीच नव्हती. काळ्या कापडावर काळा दोरा घालायचा असला की शिंपी उजेडाकडं पाठ करून बसत नाही, हे आम्हाला कोण सांगणार? तिनं टेबलाच्या कडेला हात घातला आणि पीयूषला मानेनं खुणावलं, उचल. दोघांनी चालू कॉम्प्युटरसकट टेबल गर्रकन फिरवलं, कॅमेऱ्याची पाठ खिडकीला लागली. तिनं खुर्ची ओढली आणि खिडकीकडं तोंड करून बसली. समोरून ऊन, मागं पोपड्यांची भिंत.

फक्त विजेची वायर पुरेना. ती ताणून भिंतीतला प्लग अर्धा बाहेर आला होता. तो निसटला असता तर सगळं तिथंच संपलं असतं. मी धावले, टेबलाखाली बसले आणि दोन्ही हातांनी प्लग भिंतीत दाबून धरला.

"हां!" वरून हर्षालीचा आवाज आला. "आता दिसतायत. बोटं न् बोटं दिसतायत."

त्यापुढची मुलाखत मी टेबलाखालून ऐकली. मला दिसत होते तेजस्विनीचे पाय आणि साळुबाईचं लुगडं. वरून हर्षाली बोलत होती, पण शब्द तेजस्विनीचे. सतरा वर्षं ओळखते मी तिला, आणि तिला इतकं बोलताना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. वहीत ती चार शब्द लिहिते. हातांनी ती पानंच्या पानं बोलते, हे मला माहीतच नव्हतं. दोरी आणि चिंधीचं सांगितलं. पहिला ब्लाउज बिघडला तेव्हा गिऱ्हाईक कसं तोंडावर हसत पाठीमागं बोललं, आणि हिनं आरशातून ते कसं वाचलं, तेही सांगितलं. मुख्याध्यापक बाई खळखळून हसल्या.

मग साहेबांनी त्यांचा ठेवणीतला प्रश्न काढला. "समजा वर्गात एखाद्या मुलाच्या बोटात सुई गेली. ते ओरडलं. तुम्हाला ऐकू येणार नाही. मग?"

माझ्या जिभेवर काय काय आलं! पण प्लग ढिला होता, आणि मी हलले असते तर तोही हलला असता. मी दात आवळले.

वर तेजस्विनीच्या बांगड्या किणकिणल्या. मग हर्षालीचा आवाज : "साहेब, ओरडणं सुई टोचल्यावर ऐकू येतं. मी मुलांचे हात बघत असते. बोट सुईखाली चाललं की मला आधीच दिसतं. माझ्या वर्गात मशिनी अर्धगोल मांडेन. एकाही मुलाची पाठ माझ्याकडं नसेल, माझी त्यांच्याकडं नसेल. आणि मुलंही माझ्यासारखीच आहेत. ऐकू येणाऱ्या मास्तरांनी लांबून हाक मारली तर त्यांना ती कळणार आहे का?"

मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, "माझे प्रश्न संपले."

साहेब खाकरले. "आईंना काही सांगायचंय का?"

"मला कशापायी इचारता?" साळुबाई म्हणाली. "तिनं सांगितलं न्हवं समदं? मला तर निम्मं आजच कळलं."

मुख्याध्यापक बाईंनी विचारलं, "पत्र रीतीप्रमाणे येईल. पण एक जूनला रुजू व्हायला जमेल ना?"

साळुबाई मटकन खाली बसली, तेव्हा मला तिचं तोंड दिसलं. रडत होती आणि हसतही होती.

"त्या म्हणतायत, जमेल," हर्षाली म्हणाली. "पण आधी विचारतायत, वर्गाच्या खिडक्या कुठल्या बाजूला आहेत?"

साहेबसुद्धा हसले. एकेक चौकोन बंद झाल्याची टिंग वाजली, दोनदा. तिसरी, हर्षालीची, वाजली नाही. वर फक्त बांगड्या किणकिणत होत्या, खूप वेळ, मध्येच भरभर, मध्येच थांबून, आणि मध्येच तेजस्विनीचं ते घशातलं हसू.

"काय बोलतायत ओ दोघी?" पीयूषनं कुजबुजत विचारलं.

"आपल्याला काय करायचंय?" साळुबाईनं त्याला दटावलं. "बोलू दे की."

माझ्या दंडाला मुंग्या आल्या होत्या. पीयूष खाली वाकला. "लंकाताई, मुलाखत झाली. सोडा आता प्लग, या बाहेर."

मी मानेनंच नाही म्हटलं. त्यांचं अजून बोलणं चाललं होतं.