विश्रांतीच्या रकान्यात तीन खुणा

मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर मला मिळालेलं पहिलं काम म्हणजे मिरकरवाड्याच्या धक्क्यावर बसून मच्छीमारांच्या मनावरचा ताण मोजणं. माझ्याकडे दोन कागद होते. माणूस स्वतःबद्दल काय सांगतो ते एकावर लिहायचं, आणि तो काय करताना दिसतो ते दुसऱ्यावर. नवी टोपी घालून मी इतका शास्त्रज्ञ दिसत होतो, की दोघी मासेवाल्यांनी मला सरकारी माणूस समजून टोपल्या झाकल्या.

त्या दुपारी एका तांडेलाची पाळी होती. बोट त्याच्याच हुकमावर चालायची आणि निघायच्या तयारीत होती. मी बोटीवरच, पाच खलाशांच्या देखत विचारलं, "चक्कर येते कधी?"

"मला?" तो हसला. "मास्तर, चक्कर ह्या पोरांना येते, कामाचं नाव काढलं की!"

खलाशी खिदळले. मीही. 'कधीच नाही'वर खूण केली.

मग धक्क्यावरून अर्धा तास निरीक्षण. तीनदा तो केबिनला टेकून, डोळे मिटून उभा राहिला. तिसऱ्यांदा हातातला दोर सुटून पाण्यात पडला. ओठ पांढरे. निरीक्षकाने मध्ये पडायचं नाही, हा नियम मला तोंडपाठ. तक्त्यात रकाने तीनच: काम, गप्पा, विश्रांती. मी विश्रांतीत तीन सुबक खुणा केल्या.

बोट सुटली आणि त्याची बायको औषधाची पुडी घेऊन धावत आली. हातातले कागद बघून माझ्याकडेच वळली.

"गेले? परवा चक्कर येऊन अंगणात पडले ओ! तुम्हांला बोलले नाय?"

"नाही म्हणाले."

"विचारलंत कुठे?"

"बोटीवर."

"खलाशांसमोर?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "तांडेलाला चक्कर येते म्हटल्यावर त्या बोटीवर पाय कोण ठेवील, भाऊ?"

असे प्रश्न एकांतात विचारावेत, यावर मी परीक्षेत दीड पान लिहिलं होतं.

फॉर्मवर त्याचा नंबर होता. लावला.

"मागे फिरा, तुमची तब्येत—"

"पोरं ऐकतायत, मास्तर," तो हळूच म्हणाला आणि फोन ठेवला.

तिने मोबाइल माझ्या हातातून ओढून पुन्हा लावला. रिंग वाजत राहिली. तेवढ्यात लाटा अडवणाऱ्या बांधाच्या पलीकडे बोट वळायला लागली. त्याने माघारी फिरवली म्हणून, की सुकाणू हातातून सुटलं म्हणून, ते धक्क्यावरून कळत नव्हतं. फोन कुणी उचलत नव्हतं.