सोड्याच्या दोन पुड्या

माझी धाकटी बहीण तेव्हा कळसहून एसटीनं बारामतीला कॉलेजात जायची. नव्वदीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. घरची मेंढरं विकून बराच काळ लोटला होता, तरी एसटीच्या गर्दीत एका मुलीनं नाकाला रुमाल लावून तिला विचारलं, "कळप संगं आणलायस का गं?" त्या दिवशी बहीण जेवली नाही.

माझ्या बायकोनं तिच्यासाठी घामाची पावडर केली. तुरटी तव्यावर टाकली की आधी वितळते, मग लाहीसारखी फुगते. ती लाही, भाजलेलं तांदळाचं पीठ, वाळ्याची पूड आणि खायचा सोडा. सगळं वस्त्रगाळ करून अंघोळीनंतर काखेत लावायचं.

"वैनी, आता तेलात तेवढी सोडू नगंस मला," बहीण म्हणाली. "भजीच केलीस की माझी."

"सोडली असती, पर तेल म्हाग हाय," बायको म्हणाली.

वास गेला. दोघी एका ताटात जेवू लागल्या.

सोडा संपला तेव्हा मी बारामतीहून दोन पुड्या आणल्या, एक खायच्या सोड्याची, एक धुण्याच्या. दोन्ही रद्दीच्या कागदात, दोन्ही पांढऱ्या. बायको रानात होती. खायच्या सोड्याचा डबा मीच भरला.

नवी पावडर लावली आणि दोन दिवसांत बहिणीच्या काखा सोलून निघाल्या. हात खाली घेता येईना. आईनं शेजारणींसमोर बायकोला धरलं.

"नणंदंचं शिकणं बघवंना व्हय गं तुला? काय कालवलंस त्यात?"

"न्हाय वो आत्या, दर बारीला करते तसंच केलं."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. त्याआधीच मी डब्यातला सोडा जिभेला लावून पाहिला होता. जीभ चरचरली होती. डबा उकिरड्यावर रिकामा करून, राखेनं घासून ठेवला होता. मी म्हणालो, "जाऊ दे आई, झाली असंल चूक तिची."

बहिणीच्या काखा बऱ्या झाल्या. पण नंतर दिवाळीला माहेरी आली की उटणं स्वतःचं स्वतः कालवायची. बायकोनं पावडर पुन्हा केली नाही. मला काही विचारलंही नाही. संसार झाला.

गेल्या वर्षी बायको गेली. दहाव्याला बहीण आपल्या सुनेला सांगत होती, "चांगली व्हती वैनी. तेवढं एक सोडलं तर." मी पलीकडे बसलो होतो. काही वाटलं नाही. पाहुणे गेल्यावर तिला सगळं सांगितलं.



"वैनीला ठावं व्हतं?"

"मी कधी इचारलं न्हाय."

"मग मला एकटीला सांगून काय व्हणार, दादा? तवा समद्यांम्होरं झालं व्हतं."

आई नाही, त्या शेजारणीही फारशा उरल्या नाहीत. तरी सर्वांसमोर लिहितो. माझ्या बायकोनं पावडरीत काही वेगळं कालवलं नव्हतं. सोड्याचा डबा मी भरला होता.