ताटावरची पालथी वाटी

“मी जेवत होते, आई.”

“जेवणारी माणसं ताटापाशी असतात,” अंबिकाबाई मोरीतून म्हणाल्या. सुनेचं ताट त्यांनी घासूनसुद्धा टाकलं होतं. “मधेच उठायचं तर ताटावर वाटी पालथी घालायची. वीस वर्षं सांगतेय. घातली होतीस?”

“दोन मिनिटांसाठी तर उठले होते.”

“उचलणाऱ्याला काय ठाऊक, बहू?”

सासूबाई चिडल्या की हिंदीत शिरत. तीन दिवस प्रमोदिनीचं कशातच चित्त नव्हतं. लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, तिनं सुचवलेला बदल आज संध्याकाळी स्वीकारला जाणार होता. मग चार वर्षांची कंत्राटी नोकरी कायम होणार होती. छावणीतल्या कचेरीतून जेवायला येताना तिच्या नवऱ्यानं, मार्तंडनं, सदर बाजारातून पेढेही आणले होते.

ती तशीच अर्धपोटी लॅपटॉपपाशी गेली. प्रोग्रॅमच्या कुठल्या गटानं किती मेमरी घेतली, याची नोंद कर्नल ठेवतो आणि ती नोंद सगळ्यांची सामाईक असते. तिचा कोड आधी नोंदीचा पत्ता घेई, मग आकडा वाची. मधल्या क्षणात दुसऱ्या कुणी तो गटच मोडीत काढला तर? नोंद पुसली जाणार, हिच्या हातात नुसता पत्ता. त्या जागी एव्हाना भलतंच काही असणार.

तिनं ओळी पुन्हा वाचल्या. पत्ता घेतानाच ‘मी वापरतेय’ अशी खूण करायची, गट आधीच मोडल्यानं खूण होत नसेल तर मुकाट मागे फिरायचं, काम झालं की खूण काढायची. तिनं खूण केलीच नव्हती.

“अहो, माझं चुकलंय,” तिनं बाहेर येऊन सांगितलं.

मार्तंडचा घास हातातच राहिला. “चाचण्या तर पास झाल्या ना?”

“हजारदा. चाचणीत मधेच ताट उचलणारं कुणी नव्हतं.”

“मला का मधे घेतेस?” अंबिकाबाई म्हणाल्या.

“आज गप्प राहा,” मार्तंड हळूच म्हणाला. “एकदा कायम झालीस की कर दुरुस्त. कुणाला कळणार आहे?”

ती आत गेली, चार ओळी लिहून पाठवल्या आणि परत आली.

“बदल मागे घेतलाय. यंदा कायम होणार नाही. पेढे उघडा, मला भूक लागलीय.”